पाठीवरचं पोर

बदलापूरहून सकाळची लोकल. बॅगेत इस्त्री केलेला युनिफॉर्म, डबा आणि अर्धवट लिहिलेली केस स्टडी. अंबरनाथला गर्दी आत दाबते आणि बसायला मिळायची उरलीसुरली आशा संपते. उल्हासनगरला उतरून शेअर रिक्षा, मग थेट वॉर्ड. नर्सिंगला असाल तर हे वेळापत्रक तुम्हाला पाठ असेल. नसाल, तरी तुमच्या डब्यात अशा मुली आणि आता मुलंही रोज दिसत असतील. हँडओव्हर चुकू नये म्हणून सारखं घड्याळ बघणाऱ्या.

या पट्ट्यात पेशंटची कमी नाही. उल्हासनगर कॅम्प तीनमधलं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया हॉस्पिटल, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय, शिवाय जवळपास प्रत्येक चौकातलं एखादं खासगी नर्सिंग होम. एमआयडीसीतल्या कामगारापासून ते मुरबाड-कर्जतकडच्या पाड्यावरच्या आजीपर्यंत सगळे इथेच येतात. त्यातले बहुतेक बरे होऊन घरी जातात. काही जात नाहीत.

आज त्या काहींविषयी बोलूया. आणि त्यांच्यापाशी उभं राहायला ज्या बाई आयुष्यभर शिकत गेल्या, त्यांच्याविषयीही.

आधी एक वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. कुठल्याही गावातला, कुठल्याही हॉस्पिटलातला. कोपऱ्यातल्या कॉटवर एक आजोबा आहेत. राउंडला आलेले डॉक्टर त्यांच्यापाशी हल्ली फार वेळ थांबत नाहीत, कारण नवीन करण्यासारखं काही उरलेलं नाही. नातेवाईक बाहेरच्या बाकावर गप्प बसलेत. तुम्ही टीपीआर घेत एकेक कॉट पुढे सरकताय. इतरांना जेवलात का, झोप लागली का, असं सहज विचारताय. आजोबांपाशी मात्र आकडे लिहिता आणि पुढे निघता. नजर चार्टवरच. मी वाचेन ना, असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं? आपल्याच ड्युटीत काही झालं तर? रडू आलं तर सिस्टर काय म्हणतील?

ही भीती तुमच्या एकट्याची नाही. कॅथरीन फ्रोमेल्ट या अमेरिकेतल्या नर्सने 1991 मध्ये याच विषयावर 30 विधानांची एक प्रश्नावली तयार केली. मरणाच्या दारात असलेल्या माणसाजवळ थांबायला तुम्हाला कसं वाटतं, त्याने मृत्यूचा विषय काढला तर तुम्ही बोलाल की विषय बदलाल, त्याच्या घरच्यांना सांभाळणं हेही तुमचंच काम वाटतं का, अशा गोष्टी त्यातून तपासल्या जातात. भारतासह कितीतरी देशांतल्या नर्सिंग कॉलेजांत ती भरून घेतली गेली आहे. म्हणजे उल्हासनगरच्या वॉर्डात तुमच्या पोटात जो गोळा येतो, तो जगभरातल्या विद्यार्थ्यांच्या पोटात येतो.

लॅम्प लायटिंगच्या दिवशी हातात दिवा धरून तुम्ही फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शपथ घेतली असेल. ती हवीच. पण कॉलेजच्या पॅसेजमध्ये बहुधा आणखी एक फोटो असतो. कपाळावर मोठं कुंकू, डोक्यावर पदर. 3 जानेवारीला त्याला हार घातला जातो, दोन भाषणं होतात. पहिली शिक्षिका, भिडे वाडा, अंगावर फेकलेलं शेण आणि सोबत नेलेली दुसरी साडी. हे सगळं तुम्ही चौथीपासून ऐकत आलात. सावित्रीबाई फुले जगल्या कशा, हे आपल्याला पाठ आहे. त्या गेल्या कशा, हे मात्र विचारलं तर अर्धा वर्ग गप्प होतो.

त्या प्लेगच्या पेशंटची शुश्रूषा करताना गेल्या. आणि तिथवर त्या एका दिवसात पोचल्या नव्हत्या.

आजारपणात शिकलेली गोष्ट

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. नऊ-दहाव्या वर्षी, 1840 मध्ये, जोतीरावांशी लग्न झालं. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. मग शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेतलं आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. तेव्हा त्या 17 वर्षांच्या होत्या. तुमच्यातली कितीतरी जणं त्या वयात बारावीच्या टेन्शनमध्ये असतात.

शाळेचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, म्हणून तो बाजूला ठेवू. 1856 मधली एक छोटी गोष्ट बघा. सावित्रीबाई बऱ्याच आजारी पडल्या आणि माहेरी नायगावला गेल्या. ऑक्टोबरमध्ये तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात एक गोष्ट आवर्जून येते. भावाने आपली किती मनापासून सेवा केली, हे त्या लिहितात. हाच भाऊ त्यांच्या अस्पृश्य मुलांना शिकवण्याच्या कामावर नाराज होता, त्यावरून दोघांचा वादही झाला होता. पण आजारपणात त्याने हात आखडता घेतला नाही, हे त्या विसरल्या नाहीत.

नर्सिंगच्या पुस्तकात शुश्रूषा देणाऱ्याविषयी पानंच्या पानं असतात. शुश्रूषा घेणाऱ्याला कसं वाटतं, हे मात्र अंथरुणाला खिळल्याशिवाय कळत नाही. सावित्रीबाईंना ते पंचविशीतच कळलं. मतभेद असलेल्या माणसाचा हातही तापलेल्या कपाळावर किती मोलाचा असतो, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून माहीत झालं.

पस्तीस मुलं

आता या कहाणीतला सगळ्यात जड भाग. भाषणांत तो क्वचितच येतो.

त्या काळात ब्राह्मण घरांतल्या विधवांना पुन्हा लग्न करायची मुभा नव्हती. आठ-दहा वर्षांची मुलगी विधवा झाली की जन्मभर तशीच. त्यातल्या एखाद्या बाईवर घरातल्याच कुणी हात टाकला आणि दिवस गेले, की तिच्यापुढे दोनच वाटा असत. जीव द्यायचा, नाहीतर बाळाला मारायचं. अशाच एका बाईला बाळाच्या हत्येबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फुले दाम्पत्य हादरलं. 1863 मध्ये त्यांनी आपल्या पुण्यातल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथे ठेवा, अशी पत्रकं शहरात लावली गेली.

आपण हे वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर पाळणे आणि वाचलेली बाळं येतात. प्रत्यक्षात काय झालं, ते जोतीरावांनीच 1884 मध्ये लिहून ठेवलंय. तोवर 35 विधवा त्या घरात येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांची पाच मुलं जिवंत होती. तीस गेली होती. पोट लपवण्यासाठी, गर्भ पडावा म्हणून आयांना दिलेल्या विषारी औषधांनी ती पोटातच पोखरली गेली होती.

पुन्हा वाचा. पस्तीसमधली तीस.

त्या घरात ही बाळंतपणं कोण निभावत होतं? सावित्रीबाई. स्वतःला मूल नव्हतं. एकवीस वर्षांत तीस वेळा एक इवलंसं गाठोडं हातात घ्यायचं, ते टिकणार नाही हे ओळखायचं, तरी त्याला ऊब द्यायची, पुसायचं, आईच्या कुशीत ठेवायचं. आणि पुढची बाई दारात आली की पुन्हा दार उघडायचं. आज तुम्ही एनआयसीयूच्या पोस्टिंगला गेलात तर काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ असतं, मॉनिटर असतो, डॉक्टर असतात. तिथे यातलं काही नव्हतं.

वाचलेल्यांपैकी एका मुलाला, 1874 च्या सुमारास जन्मलेल्या यशवंतला, दोघांनी दत्तक घेतलं. तो पुढे डॉक्टर झाला. त्याची आठवण ठेवा, तो या गोष्टीत परत येणार आहे.

त्या तीस मुलांच्या बाबतीत सावित्रीबाई हरल्या का? मार्कांच्या भाषेत बोलायचं तर पस्तीसपैकी पाच, म्हणजे नापास. आपल्या डोक्यात हॉस्पिटलचं गणित असंच बसलेलं असतं. पेशंट घरी गेला की पास, गेला की नापास. म्हणून तर कोपऱ्यातल्या आजोबांची कॉट आपण टाळतो. तिथे पास व्हायची शक्यताच नाही असं आपण धरून चालतो. पण त्या घरात आलेल्या प्रत्येक बाईला आपलं बाळ विहिरीत टाकावं लागलं नाही. ते बाळ कुणाच्या तरी मांडीवर गेलं. आईला तिथे कुणी शिव्या दिल्या नाहीत. सावित्रीबाई जे देत होत्या, ते बाळ जगो अथवा न जगो, दिलं जात होतंच.

दुष्काळ आणि जोतीरावांची कॉट

1876-77 मध्ये दख्खनवर भयंकर दुष्काळ आला. एप्रिल 1877 मध्ये सावित्रीबाई जुन्नरजवळच्या ओतूरला होत्या. तिथून त्यांनी पाठवलेल्या पत्रात चारापाण्यावाचून मरणारी जनावरं, गाव सोडून चाललेली माणसं आणि तशातही लोकांना नाडणारे सावकार, सगळं येतं. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते गावोगाव मदत करत होते. पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र उघडलं गेलं होतं. भुकेने खंगलेल्या पोरांना रोज जेवू घालायचं काम होतं ते. बाई तेव्हा 46 वर्षांच्या होत्या.

आणि मग मरण घरातच आलं.

मे 1888 मध्ये मुंबईच्या सभेत जोतीरावांना महात्मा ही पदवी मिळाली. जुलैमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. तुमच्या भाषेत राइट हेमिप्लेजिया. डॉ. विश्राम घोले हे त्यांचे स्नेही आणि वैद्यही, त्यांनी उपचारांत कसूर केली नाही. पण दिवसरात्रीची शुश्रूषा सावित्रीबाईंची. तुम्ही अशा पेशंटचं काम केलं असेल तर माहीत असेल ते काय असतं. कूस बदलायची, भरवायचं, स्वच्छ करायचं, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत. आणि ज्या माणसाने सभा गाजवल्या, त्याला दुसऱ्याच्या हातून घास घ्यावा लागतोय, हे त्याच्या डोळ्यांत बघायचं. पैशांचीही ओढाताण होती.

जोतीरावांनी या आजारपणात काय केलं? डाव्या हाताने पुस्तक लिहिलं. सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक. ते छापून आलं त्यांच्या मृत्यूनंतर, 1891 मध्ये. बरं न होणाऱ्या माणसाचेही दिवस असतात आणि त्या दिवसांत त्याचं काहीतरी पूर्ण व्हायचं असतं, याचं याहून सरळ उदाहरण मला सापडत नाही. कुणाचं पुस्तक असेल, कुणाला नातवाला बघायचं असेल, कुणाला फक्त उल्हासनगरातल्या आपल्या बॅरेकच्या दारात एकदा खुर्ची टाकून बसायचं असेल. ते पूर्ण होण्यात शुश्रूषा करणाऱ्याचा वाटा असतो.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले. आपल्याला जाळू नये, मिठात पुरावं, ही त्यांची इच्छा होती. घरामागे खड्डाही तयार होता. नगरपालिकेने परवानगी दिली नाही, दहन करावं लागलं. अंत्ययात्रेच्या वेळी दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात धरलं, त्या पुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. 1890 मध्ये. एका बाईने. नंतर अस्थी आणून घरामागच्या त्याच जागी ठेवल्या. शेवटची इच्छा पूर्ण करता आली नाही, तर तिच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. हेही तुम्हाला वॉर्डात कधीतरी करावं लागेल.

तुमच्याच रुळांवरून

सप्टेंबर 1896. मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांना काही पेशंटमध्ये ताप आणि जांघेत गाठी दिसल्या. प्लेग. बातमी फुटली आणि लोक मुंबई सोडून पळू लागले. कसे? मिळेल त्या मार्गाने आणि मुख्य म्हणजे रेल्वेने. बोरघाटातून मुंबई-पुणे लोहमार्ग 1863 मध्येच जोडला गेला होता. कल्याण, बदलापूर, कर्जत, मग घाट आणि पुणे. तुम्ही ज्या रुळांवरून रोज कॉलेजला जाता, त्यांवरूनच ती घाबरलेली माणसं गेली आणि त्यांच्यासोबत आजारही.

प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं ते 1898 मध्ये, कराचीत. उल्हासनगरमधल्या कितीतरी घरांच्या पणज्या-आज्या ज्या शहरातल्या, त्याच कराचीत. 1897 च्या सुरुवातीला यातलं काहीच पक्कं माहीत नव्हतं. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून जानेवारीत स्वतःला टोचून घेतली होती, पण ती सगळ्यांपर्यंत पोचायला वेळ होता. आणि उपचार? नव्हता. अँटिबायोटिक यायला अजून जवळपास अर्धं शतक होतं. गाठीचा प्लेग झालेल्यांतले निम्म्याहून अधिक दगावत.

फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा केला. कोविडमध्ये आपण ज्याचं नाव ऐकलं, तोच 1897 चा कायदा. पेशंटला घरातून उचलून नेतात, तिथून माणूस परत येत नाही, अशी धास्ती पसरली. लोक पेशंट लपवू लागले. शेजारी शेजाऱ्याला विचारेना. 2020 मध्ये तुम्ही सातवी-आठवीत असाल. सोसायटीचं गेट, पत्रे ठोकलेल्या गल्ल्या, घरच्यांना न दिसता गेलेली माणसं आठवतायत ना? साधारण तेच, फक्त व्हेंटिलेटर आणि व्हॉट्सॲप वजा.

याच फेब्रुवारीच्या 9 तारखेला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गेले. गिरणी कामगारांचे नेते, सत्यशोधक चळवळीतले बिनीचे कार्यकर्ते. प्लेगच्या रुग्णांसाठी झटताना त्यांनाच प्लेग झाला. सावित्रीबाईंच्या माणसांपैकी एक माणूस असा गेला होता. म्हणजे या कामात काय होऊ शकतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

त्यांचं वय तेव्हा 66. दोनच वर्षांपूर्वी, 1895 मध्ये, यशवंतची बायको, म्हणजे त्यांची सून, तरुणपणीच गेली होती. घरात बसून राहायला त्यांच्यापाशी हवी तेवढी कारणं होती. त्यांनी यशवंतला बोलावून घेतलं. तो लष्करात डॉक्टर होता, रजा घेऊन आला. गर्दीपासून दूर, हडपसरच्या बाजूला सासणे मळ्यात मोकळ्या जागी दवाखाना उघडला. तपासणं यशवंतकडे, पेशंट आणणं आणि त्यांची शुश्रूषा सावित्रीबाईंकडे. तुम्ही पीएसएममध्ये शिकता ते आयसोलेशन, पण माणसाला कैदी न करता केलेलं.

मुंढव्याच्या गावाबाहेर महारवाडा होता. तिथल्या बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला, पांडुरंगला, प्लेगने गाठल्याचं सावित्रीबाईंना कळलं. त्या गेल्या. त्यांनी त्या पोराला पाठीवर घेतलं आणि चालत दवाखान्यात आणलं.

हे दृश्य क्षणभर थांबवा. 66 वर्षांची बाई. पाठीवर तापाने फणफणलेलं पोर, त्याचा श्वास तिच्या मानेवर. ज्या समाजात त्या पोराची सावलीही लोक टाळत, तिथे त्याचं अख्खं अंग तिच्या अंगाला टेकलेलं. बैलगाडी कधी येईल, कुणाला पाठवू, उद्या बघू, यातलं काही नाही.

पेशंटची सेवा करता करता सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली. 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. ज्या मुलाला त्यांनी जन्मताच वाचवलं होतं, तोच डॉक्टर म्हणून त्यांच्या उशाशी होता. पुढे 1905 मध्ये यशवंतही प्लेगनेच गेले.

मग तुम्ही काय करायचं?

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलू. सावित्रीबाईंसारखं मरायची तयारी ठेवा, असं कुणी तुम्हाला सांगत असेल तर ऐकू नका. त्यांच्याकडे ग्लोव्ह्ज नव्हते, मास्क नव्हता, प्लेगवर औषध नव्हतं. आज प्लेगही वेळेत ओळखला तर अँटिबायोटिकने बरा होतो. त्यामुळे ग्लोव्ह्ज संपले असतील तर मागा, पुन्हा मागा. सेवाभावाच्या नावाखाली सुरक्षेच्या बाबतीत गप्प बसू नका. लष्करातला डॉक्टर बोलावणाऱ्या आणि दवाखान्यासाठी गावाबाहेरचा मळा निवडणाऱ्या बाईंनी तरी जीव उधळून टाकला नव्हता. त्यांनी होती ती सगळी काळजी घेतली होती.

त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. पाठीवर पोर घ्यायचं धाडस 1897 मध्ये अचानक आलं नाही. 1856 मध्ये त्या आजारी पडून शिकल्या. 1863 पासून तीस बाळांपाशी शिकल्या. 1877 मध्ये दुष्काळात, 1888 ते 1890 नवऱ्याच्या उशाशी. चाळीस वर्षं त्या मरणाजवळ थांबायला शिकत होत्या. मग तुम्ही सेकंड इयरला असताना पहिल्या डेथनंतर तुमचे हात थरथरले, तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? हा स्वभाव जन्मतः कुणाकडे असतो आणि कुणाकडे नसतो, असं नाहीच. आयव्ही लावायला जसं शिकता, तसंच हेही शिकायचं. आधी मॅडमबरोबर उभं राहून, मग जोडीने, मग एकट्याने.

सुरुवात अगदी साधी असू शकते. उद्या त्या कोपऱ्यातल्या कॉटपाशी इतरांइतकाच वेळ थांबा. आजोबांना नावाने हाक मारा, कॉट नंबरने नको. सुकलेले ओठ ओल्या कापसाने टिपा. कूस बदलताना आधी त्यांना सांगा. शुद्ध हरपल्यासारखी वाटली तरी त्यांच्या देखत त्यांच्याविषयी भलतंसलतं बोलू नका, कारण ऐकण्याची शक्ती बहुधा सगळ्यात शेवटी जाते असं मानतात. मी वाचेन ना, असं त्यांनी विचारलंच, तर खोटं आश्वासन द्यायची गरज नाही आणि निकाल सुनावण्याचीही नाही. तुम्हाला कशाची काळजी वाटते, असं विचारून शेजारी बसता येतं. उत्तर सिस्टरांना आणि डॉक्टरांना सांगता येतं. दुखत असेल तर ते पुन्हा पुन्हा लक्षात आणून देता येतं. बाहेर बाकावरच्या मुलाला आत बोलावून बापाचा हात हातात देता येतो. मग तो हात कुठल्या जातीचा, सिंधी की आगरी, भैय्या की कातकरी, याचा हिशेब दाराबाहेर.

यालाच आज पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. बरं करणं हातात नसेल तेव्हा त्रास कमी करायचा आणि माणसाला एकटं पडू द्यायचं नाही. लंडनमध्ये 1967 मध्ये यासाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, डॉक्टर नंतर झाल्या. आपल्याकडे देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, 1986 मध्ये वांद्र्याला सुरू झालं. कल्याणला गाडी बदलून, दादरहून पश्चिम रेल्वेने तुम्ही तिथवर जाऊ शकता, इतकं ते जवळ आहे.

आणि स्वतःचंही बघा. पहिल्यांदा डेड बॉडीची तयारी करून, कापूस लावून, चादर बांधून तुम्ही लगेच शेजारच्या कॉटला इंजेक्शन द्यायला जाता. त्या दोन कॉटच्या मधल्या चार पावलांत तुमचं काय होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. तुम्ही मैत्रिणीला विचारा. संध्याकाळच्या लोकलमध्ये, विठ्ठलवाडी ते बदलापूर, एवढा वेळ पुरतो. ट्युटर मॅडमना सांगा की आज मला बोलायचंय. आणि तुम्ही नर्सिंगला नसाल, तर समोरच्या सीटवर युनिफॉर्मची बॅग मांडीवर घेऊन गप्प बसलेल्या मुलीला जरा सरकून जागा द्या. तिचा दिवस कसा गेलाय, तुम्हाला माहीत नाही.

पुढच्या 3 जानेवारीला हार घालाल तेव्हा शाळा आठवाच. पण 10 मार्चही कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवशी भाषण नाही केलं तरी चालेल. वॉर्डातल्या ज्या कॉटपाशी कुणी थांबत नाही, तिथे पाच मिनिटं स्टूल ओढून बसा.